पाचांतली एक वाकडी रेघ

हरीश टिकेकरांना इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत येऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यातली तेहेतीस त्यांनी एका मोटारींच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात काढली. दुसऱ्यांनी केलेली ड्रॉइंग्ज तपासायची, हे त्यांचं काम. रेघ कुठे चुकली ते त्यांना पट्टी लावण्याआधीच कळे. पुढे कारखाना बंद झाला आणि त्यानंतर दोन वर्षांनी बायको नीनाही घर सोडून गेली. भांडण असं झालंच नाही. मुलगी ईशिता मँचेस्टरला हॉस्पिटलात नोकरीला लागली, तेव्हा नीना एका सकाळी म्हणाली, "आता आपल्याला एकमेकांशी बोलायला काही उरलं नाही रे," आणि लंडनला, हॅरोत भावाकडे राहायला गेली. हे खोटं आहे असं टिकेकरांना म्हणता आलं नाही.

मग दिवस लांबले. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून ते दिवसभर टीव्ही लावून ठेवत. एकदा औषधाच्या दुकानात नाव सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. चार दिवसांत आपण एक शब्द बोललेलो नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्याच आठवड्यात त्यांनी काउंटीच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या जुन्या दप्तरखान्यात, स्वयंसेवक म्हणून नाव घातलं.

मंगळवार आणि गुरुवार. चर्चची जुनी दप्तरं मऊ ब्रशनं झटकायची, पानांचे फोटो काढायचे, यादी करायची. त्यात एकदा गाण्याच्या तीन वह्या आल्या. सव्वातीनशे वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावात एडमंड थ्रॉसेल नावाचा ऑर्गन वाजवणारा होता. त्यानं चर्चसाठी नऊ प्रार्थना रचल्या, चार आवाजांनी एकाच वेळी, पण चार वेगळ्या चालींत गायच्या. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक आवाजाची वही वेगळी. तीन राहिल्या, चौथी हरवली. चौथा आवाज नाही म्हणून थ्रॉसेल कुणी गायलाच नाही. युनिव्हर्सिटीतल्या डॉ. हेलन प्रायर बारा वर्षं ती वही शोधत होत्या. टिकेकरांनी तिन्ही वह्यांचे फोटो काढले आणि विषय संपला.

महिन्याभरानं त्याच चर्चचं बारशांच्या नोंदींचं एक दप्तर त्यांच्यापुढे आलं. पुठ्ठा उसवला होता. आत जुने कागद एकावर एक चिकटवून तो जाड केलेला. एका कागदाच्या कडेला, इंग्रजी संगीत लिहायला आखतात तशा पाच रेघा दिसत होत्या. टिकेकर त्या रेघांकडे बघत राहिले. खालून दुसरी रेघ किंचित जाड होती आणि तिसरीकडे जरा झुकलेली. ही रेघ आपण पाहिली आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी फोटो काढले, अंतरं मोजली आणि डॉ. प्रायरना ईमेल पाठवली. पाच आठवडे उत्तर नाही. मग एका गुरुवारी त्या स्वतःच आल्या, ओला कोटही न काढता टेबलाशी उभ्या राहिल्या.

"हरीश, तुम्हाला संगीत वाचता येतं?"

"नाही. रेघा वाचता येतात," टिकेकर म्हणाले. "त्या काळी पाच टोकांच्या टाकानं पाची रेघा एकदम ओढायचे. या टाकाचं एक टोक वाकलं होतं. तुमच्या तिन्ही वह्यांत तेच टोक आहे, आणि या पुठ्ठ्यातही."

डॉ. प्रायर खुर्चीत बसल्या. पुढे तज्ज्ञांनी वाफ देऊन पुठ्ठा सोडवला, आतून अकरा पानं निघाली. नऊपैकी सात प्रार्थनांचा चौथा आवाज त्यांत होता. प्रत्येक पान आलं की टिकेकर त्याचे फोटो काढत. सूर कळत नव्हते, पण पहिल्या पानाचा आकार डोळ्यांत बसला होता: सुरांच्या सात टिकल्या एका उंचीवर, मग एक पायरी खाली, मग दोन वर.

जूनमध्ये त्याच गावच्या चर्चमध्ये कार्यक्रम ठरला. टिकेकरांच्या पत्त्यावर दोन आमंत्रणं आली. दुसरं कुणाला द्यावं, याचा विचार त्यांनी आठवडाभर केला. शेजारच्या मीनाक्षीबेन लेस्टरला लग्नाला जाणार होत्या. शेवटी त्यांनी नीनाला फोन लावला.

"शनिवारी? दादाकडे पाहुणे आहेत. कसला कार्यक्रम?"

"चर्चमधलं गाणं आहे. जुनं."

"तुला कधीपासून गाण्याची आवड?"

सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. "अशीच," ते म्हणाले, आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. ईशिताला मेसेज केला, तिचं उत्तर आलं: "सॉरी बाबा, माझा शिफ्ट आहे. खूप एन्जॉय कर."

शनिवारी पाच वाजता ते दुसऱ्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवला. लंडनहून आलेले सोळा गायक उभे राहिले आणि एकटा चौथा आवाज सुरू झाला. सात टिकल्या एका उंचीवर. टिकेकरांचं बोट गुडघ्यावर आपोआप सरकू लागलं. एक पायरी खाली. दोन वर. जो आकार ते इतके महिने मुक्यानं पाहत होते, त्याला हा आवाज होता तर. मग बाकीचे तीन आवाज आले आणि तो त्यांच्यात मिसळला, तरी त्यांना तो वेगळा ऐकू येत होता. "हाच तो," असं सांगायला ते शेजारी वळले. तिथे कोट होता.

पत्रिकेत स्वयंसेवकांचे आभार होते, नावं नव्हती. चहाच्या वेळी डॉ. प्रायरनी मात्र त्यांना हाताला धरून चार जणांपुढे नेलं आणि रेघेची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी कौतुक केलं. मग ते लोक आपसांत गायकांबद्दल बोलू लागले. टिकेकर कप ठेवून बसस्टॉपवर आले. अजून लख्ख ऊन होतं.

रविवारी ईशिताचा फोन आला. या वेळी त्यांनी सगळं सांगितलं, पुठ्ठ्यापासून.

"म्हणजे तू ते एकटा सापडलास?" तिनं आपल्या मोडक्या मराठीत विचारलं.

"मलाच सापडलं, हो."

"मला का नाही सांगितला आधी? मी शिफ्ट चेंज केला असता, बाबा."

टिकेकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कसं आहे ते गाणं? रेकॉर्डिंग आहे?"

"नाही गं." मग जन्मात कुणासमोर न गायलेले टिकेकर घसा साफ करून तो पहिला तुकडा गुणगुणले. सूर हलत होता. पलीकडे तिला कुणीतरी हाक मारली. "बाबा, जावं लागेल मला. नंतर करते," ती म्हणाली.

तिचा फोन आला तो पुढच्या रविवारी. मधल्या मंगळवारी टिकेकर आर्काइव्हमध्ये गेले. दोन प्रार्थना अजून अपुऱ्या होत्या, आणि त्या चर्चची अठरा दप्तरं उघडायची राहिली होती. त्यांनी पहिलं मागवलं.