देऊळगाव राजातली लटकी सुनावणी

पुण्यात कर सल्लागारांचा तोटा नाही, पण बुलढाणा जिल्ह्यात जाऊन वर्ग घ्यायला कोण तयार आहे असं आमच्या मंडळाच्या बैठकीत विचारलं, तेव्हा सगळे छताकडे पाहू लागले. मी हात वर केला. मला व्याख्यान द्यायला आवडतं, आणि ते मी चांगलं देतो. शिवाय वऱ्हाडी जेवणाबद्दल बरंच ऐकून होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. विक्रीकराचा नवा कायदा सगळ्यांना सारखाच लागू होता, पण तालुक्याच्या गावी हे काम करणाऱ्या मंडळींना तो समजावून सांगायला कुणी जात नव्हतं. मी पेटीत कायद्याचं पुस्तक, छापील प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि पित्तावरचं चूर्ण भरलं आणि नगर-औरंगाबादच्या रस्त्याने निघालो.

औरंगाबादला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जालन्यात गाडी बदलली. स्टँडवरच्या चहावाल्याने विचारलं, "कुणीकडं?"

"देऊळगाव राजा."

"म्हणजे वऱ्हाडात!" तो अशा सुरात म्हणाला की मला वाटलं आता पुढचा प्रवास बोटीने आहे. प्रत्यक्षात माझा डोळा लागतो न लागतो तोच गाडी देऊळगावात पोचलीसुद्धा. वाटेत काळीभोर वावरं (शेतं), कणसांनी वाकलेली ज्वारी आणि नुकती फुटू लागलेली कपाशी. बालाजीची यात्रा होऊन गेली होती, दिवाळी जवळ आली होती आणि उन्हाचा चटका मात्र जायचं नाव घेत नव्हता.

अशा उन्हात स्टँडवर एक तरुण काळा कोट घालून उभा होता. त्याने माझ्या हातातली पेटी घेतली आणि माझा विरोध ऐकूनच घेतला नाही.

"मी प्रल्हाद इंगळे. सेलटॅक्सचा वकील. बाकीचे वकील लोक कामात हायेत, म्हणून मले पाठवलं. आमच्यात सगळ्यात मोकळा मीच हाव."

इंगळ्यांची खोली बाजाराच्या टोकाला होती. दारावर ठळक अक्षरांत नावाची पाटी. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक घडवंची आणि भिंतीवर ओळीने चौकटीतली प्रमाणपत्रं: बी.कॉम.ची पदवी, कर सल्लागार म्हणून सरकारी यादीत नाव आल्याचं पत्र, कुठल्या कुठल्या वर्गांना हजर राहिल्याचे दाखले. मी खूश झालो. चहा पिता पिता विचारलं, "पक्षकार किती आहेत?"

"एकही नाई."

मला वाटलं थट्टा करतोय.

"आम्ही बौद्ध, साहेब," इंगळे म्हणाले. "शेठलोकाइच्या वह्या पेढीवर असतात. वह्या पाहाच्या तं गादीवर बसा लागते. दिवाळीले त्या वह्याइची पूजा होते. मी गादीवर बसून वही हाती घ्यावी, हे त्याइले जमत नाई. तोंडावर कोणी बोलत नाई. 'पुढच्या साली पाहू' म्हणतात. दोन सालं झाले, तेच ऐकून राह्यलो."

"आणि या साली?"

"दिवाळीपावतर वाट पाहतो. औरंगाबादले साडूनं कारकुनी पाहून ठेवली. इथं एकही पेढी नाई भेटली, तं पाटी उतरवतो."

हे सगळं त्यांनी दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तसं शांतपणे सांगितलं. मला मात्र संताप आला. हा माणूस माझ्याइतकाच शिकलेला, सरकारने ज्याला अधिकाऱ्यापुढे उभं राहण्याचा हक्क दिलाय असा, आणि बाजार त्याला पायरीवरून परत पाठवतो! माझ्या पेटीतला प्रमाणपत्रांचा गठ्ठा मला एकदम निरुपयोगी वाटू लागला. आणखी एक कागद घेऊन हा गृहस्थ करणार काय?

रात्रीचं जेवण त्यांच्या घरी झालं. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि ठेचा. "ठेचा हळू घ्या, भाऊ," असं इंगळ्यांच्या पत्नीने बजावलं होतं. "आम्ही पुणेकरसुद्धा तिखट खातो," असं म्हणून मी चांगला बोटभर घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि पुण्याची अब्रू गेली ती गेलीच. भाकरी मात्र अशी खुसखुशीत की पाणी पीत पीत मी आणखी एक मागून घेतली.

वर्ग देवळाजवळच्या धर्मशाळेत होता. वकील आणि मुनीम पुढे बसले होते, आणि फुकटात कायदा ऐकायला मिळतो म्हणून बाजारपेठेतले बरेच व्यापारीही येऊन कडेने बसले होते. पाहुणे म्हणून विक्रीकर अधिकारी आले होते. फेरतपासणीच्या दौऱ्यावर ते डाकबंगल्यावर उतरले होते. सकाळचं माझं व्याख्यान छान झालं. मीच सांगतोय म्हणून नव्हे. लोक विड्या विझवून ऐकत होते.

दुपारी लटकी सुनावणी ठेवली होती. शिकवण्याची ही पद्धत माझी आवडती. एकाने अधिकारी व्हायचं, एकाने व्यापारी, एकाने त्याचा वकील, आणि खरी सुनावणी कशी चालते ते सगळ्यांना दाखवायचं. अधिकारी अर्थात मी. वकील कोण होणार म्हटल्यावर जुनी मंडळी खाली पाहू लागली. खऱ्या अधिकाऱ्यासमोर फजिती कोण करून घेणार? इंगळे उठून उभे राहिले. व्यापारी म्हणून सगळ्यांनी मदनशेठना पुढे ढकललं. तेलाचा आणि ढेपेचा (सरकीच्या पेंडीचा) मोठा व्यापार, पहाडी आवाज आणि गावच्या नाटकांत राजाची कामं करण्याची हौस. त्यांना सांगितलं, दाखवायला पेढीवरून एखाद-दोन जुन्या वह्या घेऊन या. शेठजी हमालाच्या डोक्यावर चालू सालच्या लाल वह्यांचा गठ्ठा देऊन आले.

"अहो शेठजी, ही तर लटकी सुनावणी!"

"असन," ते छाती काढून म्हणाले, "पन लटक्या वह्या आमच्या पेढीवर राहत नाईत."

टाळ्या पडल्या. मी चष्मा नाकावर घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि वही उघडली. आणि मी रंगात आलो. मला कुणी अधिकारी केलं की मी जरा जास्तच अधिकारी होतो.

"हे 'मोगलाई खातं' काय आहे?"

"जालन्याची विक्री. तेल, ढेप, समदं."

"यावर राज्याचा कर भरलेला दिसत नाही."

"आता काय सांगावं!" शेठजी सभेकडे वळून नाटकी हसले. "मोगलाईतल्या विक्रीवर आपल्या राज्याचा कर कसा लागन? परमुलूख तो. माहा बाप असाच लिवत होता, मीबी तसंच लिवतो."

बापाच्या काळी ते खरंच होतं. देऊळगाव इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात आणि जालना निजामाकडे. म्हणून इकडचे लोक तिकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत. पण निजाम गेला, राज्यं बदलली आणि जालना आणि देऊळगाव एकाच महाराष्ट्रात आले. बाजाराच्या वह्यांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. मी सहज मान वर केली. पहिल्या रांगेतले खरे अधिकारी पुढे वाकून त्या वहीकडे पाहत होते.

मागे हशा पिकला. "हासता काऊन बे?" असं शेठजी ओरडले खरे, पण तेवढ्यात त्यांनाही अधिकाऱ्यांचा चेहरा दिसला. हशा थांबला. पोरांचा खेळ चालू असावा आणि शेजारच्या घराची काच फुटावी तशी सगळी धर्मशाळा गप्प झाली. मी वही झटकन मिटली. नाटक करता करता मी एका माणसाला खरोखर अडकवलं होतं.

"साहेब," इंगळे उभे राहत शांतपणे म्हणाले, "पक्षकाराशी बोलण्यासाठी थोडी मुदत असावी."

मी घाईघाईने मुदत दिली. ते शेठजींना खांबाआड घेऊन गेले. कुजबुज करणं शेठजींच्या आवाजाला जमण्यासारखं नव्हतं; "हे तं खरंच होऊन राह्यलं, गड्या!" हे सगळ्यांनी ऐकलं. परत आल्यावर इंगळे पुस्तकी मराठीत, एकेक शब्द तोलून बोलले.

"माझ्या पक्षकाराची चूक नकाशाची आहे, हेतूची नाही. लपवायचं असतं तर त्यांनी खात्यावर मोगलाई असं नाव घातलं नसतं. कुठलीही नोटीस येण्याआधी ते स्वतः दुरुस्त विवरणपत्रं देतील आणि राहिलेला कर भरतील. आपण होऊन चूक सांगणाऱ्यावर दंड बसू नये, एवढीच विनंती आहे."

मी काय निकाल देणार? मी खऱ्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं, सगळ्या सभेनेही पाहिलं. ते सावकाश उठले.

"आज मी पाहुणा आहे," ते म्हणाले. "मी नाटक पाहिलं, वही पाहिली नाही. उद्या दुपारी मात्र मी डाकबंगल्यावर कामाला बसेन. वकिलांनी आत्ता सांगितलं तसं कुणी आपण होऊन आलं, तर मी त्यांचं म्हणणं ऐकून घेईन."

टाळ्या इंगळ्यांसाठी होत्या. माझ्या व्याख्यानालाही इतक्या पडल्या नव्हत्या, हे मी मोकळेपणाने नोंदवून ठेवतो.

प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर मदनशेठ आमच्याजवळ आले. राजाचा आवाज आता बसला होता. "इंगळे, उद्या साहेबापुढं तुम्हीच चाला. फी सांगा. वह्या तुमच्या खोलीवर धाडून देतो."

माझ्या मनात आलं, जमलं! पाटी राहिली! पण इंगळे म्हणाले, "नाई शेठजी. वह्या पेढीबाहेर जाऊ देऊ नका. मी सकाळी येतो. बाकीचे वकील पाहतात तसंच पाहीन, गादीवर बसून."

मी त्यांचा कोट ओढायच्या बेतात होतो. हातात आलेला एकुलता एक पक्षकार, दिवाळी तोंडावर, आणि हा माणूस अट घालतो! मदनशेठ हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. त्यांनी वह्यांचा गठ्ठा हमालाच्या डोक्यावर दिला आणि ते निघून गेले.

"मीही सकाळी तुमच्याबरोबर येतो," मी म्हणालो.

"तुम्ही नका येऊ, साहेब. तुम्ही संगं असले तं पुण्याच्या पाहुण्यासाठी बसवलं म्हणतील. मले माह्यासाठी बसाचं हाय."

सकाळी मी धर्मशाळेत पेटी भरली, सोडली आणि पुन्हा भरली. पुण्यात माझे स्वतःचे खटले चालू असताना मी इतका अस्वस्थ झालेलो नाही. शेवटी जालन्याच्या गाडीची वेळ झाली तसा स्टँडकडे निघालो, आणि जवळचा रस्ता सोडून मुद्दाम बाजारातून गेलो.

मदनशेठच्या पेढीची दारं सताड उघडी होती. आत पांढऱ्या गादीवर मांडी घालून, मांडीवर लाल वही घेऊन प्रल्हाद इंगळे बसले होते. कोट खुंटीवर होता. शेठजी स्वतः शेजारी बसून जुन्या वहीतले आकडे वाचत होते आणि इंगळे मधेच हात वर करून त्यांना थांबवत होते. पायरीवर आणखी तिघे व्यापारी काखेत वह्या धरून ताटकळत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल सगळे एकदम गप्प का झाले होते? देऊळगावच्या प्रत्येक पेढीवर एकेक मोगलाई खातं होतं.

"अवो वकीलसाहेब," पायरीवरचा एक जण काकुळतीने म्हणाला, "उरका ना जरा. साहेब आज दुपारीच बसन डाकबंगल्यावर."

"बसा," इंगळे वहीतून मान वर न काढता म्हणाले. "तुमचंबी तुमच्याच पेढीवर येऊन पाहीन."

मी हाक मारली नाही. माझ्यामुळे त्यांच्या कामात खंड पडला असता. स्टँडवर मला निरोप द्यायला कुणी आलं नाही आणि त्याचा मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मी विनाकारण पान खाऊ घातलं.

घरी पोचल्यावर बायकोने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि नेमका प्रश्न विचारला, "म्हणजे त्या शेठलोकांची मनं बदलली म्हणायची?"

तसं काही मी म्हणणार नाही. दंडाची भीती होती, गरज होती आणि दुपारची वेळ जवळ येत होती. मनांचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण इंगळे गादीवर बसले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते आपली अट घालून बसले. तशा बसलेल्या माणसाला पुढच्या साली ऊठ म्हणण्याची छाती देऊळगावच्या बाजारात कुणाची होणार नाही.