आमचे सासरे पाण्यात उतरतात

माझे सासरे सैन्यात गेले ते शिवणयंत्रापासून सुटका व्हावी म्हणून. त्यांचे वडील शिंपी. मुलानं दुकानात बसावं, काजं करावीत, असा त्यांचा सारखा धोशा. मुलगा एके दिवशी उठला आणि भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथं छाती मोजली, पळवून पाहिलं, आणि शेवटी टेबलामागच्या साहेबानं विचारलं, "घरी काय करायचास?"

"शिवणकाम," हे बोलून गेले.

झालं! त्यांना पॅराशूटच्या विभागात नेलं आणि थेट शिवणयंत्रासमोर बसवलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पुढची सगळी नोकरी त्यांनी पॅराशूटं दुरुस्त करण्यात आणि त्यांच्या घड्या घालण्यात काढली. लांबलचक टेबल, त्यावर पसरलेलं बुळबुळीत कापड, आणि एकमेकींत गुंतायला टपलेल्या दोऱ्या. त्यांच्या पलटणीत एक नियम होता. घडी घालणाऱ्याला साहेब कधीही सांगायचे, "चल, यातलंच एक पाठीला बांध आणि मार उडी." त्यामुळे हातून हयगय होण्याचा प्रश्नच नव्हता.

"माझी घडी एकदाही अडकली नाही," असं ते आजही छाती पुढं काढून सांगतात.

"अडकली असती तर सांगायला कोण आलं असतं?" सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात.

निवृत्तीनंतर काही वर्षं ते घरातल्या चादरींच्या घड्या घालण्याच्या मागं लागले होते. मग आमची मुलगी जन्मली आणि चादरी सुटल्या. हिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. मी आणि बायको दोघंही कामावर जाणारे, त्यामुळे भिंगरी दिवसभर आजोबांच्या ताब्यात. तान्ही असताना ते तिला दुपट्यात असं काही गुंडाळायचे की सोडवायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागायचं. पुढं तिच्या वेण्या घालायला लागले. ती वेणी दिवसभर धावपळ करूनही केसभर हलायची नाही. सोडवताना मात्र घर डोक्यावर घेतलं जायचं.

अशा या माणसाला एकाच गोष्टीचं भय होतं. एका उडीत वाऱ्यानं त्यांना भरकटवत नेऊन तलावात टाकलं होतं. वर पॅराशूट, खाली चिखल. कोळ्यांनी जाळ्यात धरून बाहेर काढलं म्हणून वाचले. तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. सगळे समुद्रावर गेलो तर हे लांब बसून चपला राखायचे.

आणि भिंगरीच्या शाळेनं सगळ्या मुलांना पोहायला शिकवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी भिंगरी पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहिली ती उभीच. एरवी न ठरणारी पोर खांबासारखी! आजोबांनी समजूत घातली. "अगं, मी विमानातून उड्या मारल्यात. ही काय उडी!"

"मग आजोबा, तू मार ना आधी," ती म्हणाली.

त्या दुपारी सासऱ्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी मला गॅलरीत गाठून ते हळूच म्हणाले, "जावईबापू, तिथं पाणी कितपत असतं हो?"

"छातीपर्यंत."

"कुणाच्या छातीपर्यंत?"

"पोरांच्या. तुमच्या कमरेलासुद्धा लागायचं नाही."

"कमरेपर्यंत म्हणजे पुष्कळच झालं," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांच्याच वर्गात नाव घातलं.

शिकवणारी बाई त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, गळ्यात शिट्टी. "आजोबा, तोंड पाण्यात घाला आणि बुडबुडे काढा," तिनं सांगितलं. पोरांनी बुडबुडे काढले. सासरे श्वास रोखून सावधानमध्ये उभे. एका फुगऱ्या गालांच्या पोरानं तर त्यांना करूनही दाखवलं. काठावरून हे सगळं बघणाऱ्या भिंगरीला राहवलं नाही. तिला वाटलं, आजोबांकडं बघायला कुणीतरी हवंच. ती मुकाट्यानं पायऱ्या उतरली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. आपण पाण्याला भितो हे ती तिथंच विसरली.

महिना संपताना घरच्यांना बघायला बोलावलं. प्रत्येकानं काठावरून उडी मारायची होती. पोरं धपाधप उतरली, भिंगरीही उतरली. काठावर राहिले एकटे सासरे. शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. हे हलेनात.

"आजोबा, घाबरू नकोस, मी आहे खाली!" भिंगरी ओरडली.

त्यांनी हनुवटी छातीला लावली, गुडघे जुळवले आणि डोळे मिटून उडी मारली. उडी झकास होती. पण तळाला पाय लागले आणि अंगात मुरलेली सवय आडवी आली. पॅराशूटवाले जमिनीवर उतरले की एका कुशीवर लोळण घेतात, तशी यांनी पाण्यात घेतली. वर दिसले ते फक्त दोन पाय. बाईनं एकीकडून आणि भिंगरीनं दुसरीकडून ओढून त्यांना सरळ केलं. चार गटांगळ्या खाऊन वर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "भिंगरी ठीक आहे ना?"

मी हसत होतो. सासूबाई मात्र पदरानं डोळे पुसत होत्या. मी बघितलं तर म्हणाल्या, "पाणी उडालं."

आता भिंगरी खोल भागात पोहते. सासरे उथळ भागात रुंदीतून एक फेरी मारतात आणि बाहेर येऊन काठानं तिच्याबरोबर चालत राहतात. मी एकदा खोडी काढली, "काय, खोल पाण्यात कधी?"

"तिला सोबत हवी होती म्हणून उतरलो, जावईबापू," ते म्हणाले. "आता तिला लागत नाही."

तेवढ्यात पलीकडून हाक आली, "आजोबा, बघतोयस ना?"

"बघतोय!" ते अशा आवाजात गरजले की तलावातली सगळी माणसं पोहायची थांबली.