बिनआवाजाचा सिनेमा आणि आप्पाची मांडी

आप्पा गवंड्याची उजवी मांडी त्या साली सदानकदा काळीनिळी असायची. कॅम्पाच्या नळावर तो आंघोळीला बसला की नवीन आलेला माणूस हमखास विचारायचा, कुणी एवढं मारलं? आप्पा अंगाला साबण चोळत म्हणायचा, "मीच. माझ्यावर हात टाकायची दुसऱ्या कुणाची टाप हाय?" आणि ते खरंच होतं.

कतारात तेव्हा आजच्यासारखं काही नव्हतं. अल रय्यानच्या पुढं नुसती वाळू आणि वाळूत आमचा कॅम्प. साठ माणसं, सगळी सातारा-सांगलीकडची. मी सेंट्रिंगचा सुतार, शाळा चौथीपर्यंत, पण फळी कधी वाकडी बसवली नाही. शुक्रवारी सुट्टी. दुपारी जेवणाच्या हॉलच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावून कंपनी सिनेमा दाखवायची. एका उन्हाळ्यात मशीनचा आवाज जळाला. चित्र हलायचं, ऐकू काही येईना. फोरमन म्हणाला, होईल दुरुस्त, इन्शाल्ला. ते इन्शाल्ला आठ महिने चाललं. दुसऱ्याच शुक्रवारी लोक ताटं आपटायला लागले, तेव्हा आप्पा उठला आणि पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बोंबलू नका. माझ्या बापानं जन्मभर मुका शिनेमा बोलता केला. मला जमंल तसं करतो."

त्याचा बाप मूकपटाच्या काळात तंबूवाल्याबरोबर जत्रा फिरायचा. दिवसा कुस्त्यांचा फड, सांजेला तंबू. लोक भाकरी बांधून, गाड्या जुंपून पाच-पाच कोसांवरून यायचे. पडद्यामागं बसणं स्वस्त. तिथं सगळं उलटं दिसायचं, राजाची तलवारसुद्धा डाव्या हातात. तरी लोक खूश. बाप काठी घेऊन उभा राहायचा आणि राजा, राणी, राक्षस सगळ्यांचं एकटाच बोलायचा. मारामारी आली की स्वतःच्या मांडीवर थाप हाणायचा. पडद्यावर जेवढे फटके, तेवढे मांडीवर. शेवटच्या रांगेतला माणूस आपला गाल चोळायचा म्हणे.

एका गावात एक पैलवान इतका पेटला, की काठी घेऊन पडदा फाडून राक्षसाला मारायला पलीकडं गेला. राक्षस कुठला सापडतो? मागं बसलेल्या तिघांची डोकी फुटली आणि सोडवायला गेलेल्या आप्पाच्या बापाचं चौथं. तेव्हापासून बापानं नियमच केला. आप्पा तो नियम आम्हाला दर शुक्रवारी ऐकवायचा. "मार पडद्यावरनं माणसांत उतराय लागला की मधी आपलं अंग घालायचं. लोक तापवायचं आपण, तर इझवायचंबी आपणच."

तापवायचा मात्र भयंकर. एरवी मुंगी चिरडणार नाही असा माणूस, पडद्याशेजारी गेला की डोळे लाल व्हायचे. थाप मारली की "हा घे बरगडीत, हा घे जबड्यात!" मग साठ माणसं आठवडाभराचं ऊन आणि शिव्या त्या थापांवर काढायची. बाकडी मोडायची. एकदा दोन चुलतभावांनी एकमेकांचे दात पाडले. आप्पा त्यांच्यामध्ये पडला, दोन्हीकडून मार खाल्ला आणि ओठातून रक्त पुसत पुढचं रीळ बोलायला उभा राहिला.

त्या डिसेंबरात एका बुधवारी माझ्या हातून चौथ्या मजल्यावरची फळी निसटली. खाली कुणाला लागली नाही. फोरमन वर आला, पायातला बूट काढला आणि तीस माणसांसमोर माझ्या तोंडावर दोनदा हाणला. म्हणाला, "तुझ्यासारखे शंभर विमानतळावर उभे आहेत." तोही आमच्याच भागातला. हे वाक्य तो सगळ्यांनाच ऐकवायचा. दोन दिवस जेवलो नाही. माझ्या बापानंही कधी माझ्या तोंडावर हात टाकला नव्हता. शुक्रवारी हातोडी शर्टाखाली कमरेला खोचली आणि हॉलमध्ये पडद्याजवळच्या फोरमनच्या खुर्चीमागं जाऊन बसलो. एक घाव, नेमका कवटीवर, एवढं ठरलं होतं. पुढं फाशी झाली तरी चालणार होती.

आप्पानं शर्टाखालचा फुगवटा बघितला असावा, कारण त्या दिवशी त्यानं पडद्यावरच्या दुष्टाला फोरमनचं बोलणं दिलं. दुष्टानं गरिबाला लाथ घातली आणि आप्पा ओरडला, "यल्ला, चल, ऊठ! तुझ्यासारखे शंभर विमानतळावर उभे आहेत!" त्याला वाटलं, पडद्यावर तो दुष्ट मार खाताना बघितला की माझा राग निवेल. हॉल नुसता फुटला. लोक बाकांवर चढले. आणि सगळ्यात मोठ्यानं हसला फोरमन. आपलंच वाक्य त्याला ओळखू आलं नाही. मांडीवर हात मारून हसला.

ते हसणं माझ्याच्यानं सोसलं नाही. पडद्यावर मारामारी चालू होती, आप्पाच्या थापा पडत होत्या, मी उठलो आणि हातोडी पूर्ण ताकदीनं खाली आणली.

मध्ये आप्पाचं मनगट आलं. एवढा वयस्कर माणूस तीन पावलं कसा झेपावला, देव जाणे. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला आणि सगळ्या हॉलनं शिट्ट्या मारल्या. अंधारात फोरमनसकट सगळ्यांना वाटलं, आप्पानं आज नवीनच आवाज काढला. तो गुडघ्यावर आला होता, माझ्या पायाशी. तिथूनच, आवाज जराही न हलवता त्यानं बोलणं चालू ठेवलं. "आणि गड्यांनो, घाव हुकला! दुष्ट वाचला. का वाचला? तर नायकाची बायको गावाकडं दिवसांत हाय, आणि ह्या गाढवाला त्याची आठवण न्हाय!"

सगळे हसले, फोरमनही. माझी बायको सातव्या महिन्यात होती, हे त्या हॉलमध्ये फक्त आप्पाला माहीत होतं. आठवड्यामागं आलेलं पत्र मी त्यालाच दाखवलं होतं. मी खाली बसलो. हातोडी पायाखाली सरकवली. आप्पा उठला, उजवा हात सदऱ्यात घातला आणि राहिलेलं अर्धं रीळ डाव्या हातानं डावी मांडी बडवत बोलला. एक फटका चुकवला नाही.

डॉक्टरला त्यानं सांगितलं, जिन्यावरून पडलो. मनगट वाकडंच जुळलं. थापी धरता येईना, तो गवंडी कंपनीच्या काय कामाचा? महिन्याभरात त्याला परत पाठवलं. मी कबूल करायला निघालो तर त्यानं डाव्या हातानं माझी गचांडी धरली. "नियम माझ्या बापाचा हाय, तुझा न्हाय. गप ऱ्हा." मी गप्प राहिलो. आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

पत्रातलं ते पोर आता इंजिनिअर आहे. त्याच्याच घरी, कतारातच, अल गराफात बसून मी हे लिहितोय. आप्पा गावाकडंच वारला, मला तेराव्यालाही पोचता आलं नाही. विमानतळावर त्याची ट्रंक मी उचलली होती. पाया पडायला वाकलो तर त्यानं वाकू दिलं नाही. तो वाकडा हात वर धरून बघितला आणि म्हणाला,

"पण आवाज काय निघाला रं लेका! माझ्या बापालाबी असला कधी जमला न्हवता."