उजव्या हाताचे ओरखडे

सकाळी दारात धारवाला आला. घासलेल्या पोलादाचा जळका वास नाकात शिरला आणि मी पुन्हा सिल्वासाच्या त्या कारखान्यात, मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

टेबलावर कंपनीचा घडीचा चाकू होता. शेजारी पॅकिंगमधला भिका, धुळ्याकडचा, डाव्या हाताला पट्टी बांधलेला. तो डावखुरा, आणि चाकूचं लॉक उजव्या अंगठ्यानं दाबायचं. खोक्यांच्या पट्ट्या कापून चाकू मिटताना त्याची तारांबळ व्हायची. "भिक्या, दातांनी तोड!" सगळे हसायचे. मी तिथला फिटर. त्याच्या आग्रहावरून मी लॉक कानशीनं घासून डाव्या अंगठ्याजोगं करून दिलं. जरा जास्तच घासलं. तिसऱ्या दिवशी ते निसटलं आणि पातं त्याच्या बोटांवर मिटलं.

"हे घासलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

भिकानं माझ्याकडे पाहिलं. मी चाकूकडे पाहत राहिलो.

"मीच, साहेब," तो म्हणाला.

"उद्यापासून येऊ नकोस."

गेटपर्यंत मी त्याच्या मागोमाग गेलो. तोच म्हणाला, "जाऊ द्या दादा, मीच तर तुमच्या मागे लागलो होतो."

डावखुऱ्याच्या कानशीचे ओरखडे उलटे कलतात. त्या लॉकवरचे सगळे उजव्या हाताचे होते. त्या खोलीत ते ओळखणारा मी एकटाच होतो. भिका खोटं बोलला. लॉक मी घासलं होतं.