जळक्या रबराचा वास

तुळिंजच्या टायरवाल्याच्या दुकानासमोरून जाताना जळक्या रबराचा वास आला, की मला निर्मळजवळचं ते वळण आठवतं. धाकट्या भावाने नुकतीच लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. रविवारी सकाळी अर्नाळ्याहून परतताना त्याने ती मला चालवायला दिली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि रस्ता मोकळा होता. "ताई, स्टेबिलिटी कंट्रोल बंद करू? गाडी घसरली की तेच सावरतं, आपण चालवतोय असं वाटतच नाही." "अजिबात नको," मी म्हटलं. "अगं, मी आहे ना शेजारी," असं म्हणत त्याने बटण दाबून धरलं आणि समोर ते बंद झाल्याचा पिवळा दिवा लागला. पुढच्याच वळणावर मासळीच्या टेम्पोतलं बर्फाचं पाणी सांडलं होतं. मागची चाकं त्यावरून सटकली, गाडी आडवी झाली, आणि समोरून स्कूटरवर फुलांच्या टोपल्या घेऊन एक बाई येत होत्या. "ब्रेक नको, ताई!" भाऊ ओरडला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, गाडी घसरत होती त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवलं. कोरड्या डांबरावर टायर किंचाळले आणि आम्ही बागेच्या कुंपणाला टेकून थांबलो. बाई स्कूटर लावून धावत आल्या. "बाय, लागला नाय ना कुनाला? पानी सांडलंय, हलूहलू जा." मी मानेनेच नाही म्हटलं. भावाने बटणाकडे हात नेला, पण पहिल्यांदा ते नीट दाबलंच गेलं नाही. दिवा विझायला दोनदा दाबावं लागलं. परवा आईने विचारलं, "चांगली आहे ना गं त्याची गाडी?" मी म्हटलं, "आमच्या दोघांपेक्षा शहाणी आहे."