रस्त्यापलीकडची बहीण

आमच्या उपनगरातून जाणाऱ्या महामार्गाच्या नव्या आराखड्यावर काल सभा झाली. बसची वेगळी मार्गिका, सायकलवाट, पादचारी पूल असं बोलणं चालू असताना शेजारच्या सुमनमावशी उठल्या.

“माझी धाकटी बहीण रस्त्यापलीकडेच राहते. एवढ्या गाड्यांतून ओलांडायची भीती वाटते, म्हणून आम्ही गॅलरीतूनच एकमेकींना हात करतो. पुलाला लिफ्ट कराल का?”

“करू की, मावशी,” आराखडा मांडणारी तरुणी म्हणाली, “पण तोवर कशाला थांबायचं?”

सभा संपल्यावर ती आणि मी, दोघींनी मावशींचे हात धरले आणि गाड्या थांबवत पलीकडे गेलो. रस्ता लांबच्या गावांसाठी असतो, तसा समोरच्या दारासाठीही असायला हवा, असं वाटत राहिलं.

दार उघडताच धाकटी म्हणाली, “ताई, जवळून किती म्हातारी दिसतेस गं!” आणि दोघी हसता हसता रडू लागल्या.