आइस्क्रीमचा डबा

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, पण निदान मृणालसमोर नको. तिला आणखी चेव येतो.

लग्नाला बारा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघांनी ऑकलंडजवळच्या वायहेकी बेटावर चार दिवसांसाठी घर भाड्यानं घेतलं होतं. घर कसलं, चक्क व्हिला! समोर समुद्र, मागे टेकडी, अंगणात दोन झाडांना बांधलेला जाळीचा झोपाळा. मृणाल हॉस्पिटलात नर्स आहे. ड्युट्या करून करून बाईच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं होतं. म्हणून फेरीबोटीत चढतानाच मी जाहीर केलं, "चार दिवस तू गॅसपाशी जायचं नाहीस. हा माझा शब्द!"

"आणि खायचं काय?"

"कॅफे आहेत, फिश अँड चिप्स आहेत. हीप्स! ढिगानं!"

तरी तिनं बॅगेत रवा, पोहे, शेंगदाणे, गूळ कोंबलंच होतं. असू दे म्हणून. आपली माणसं चंद्रावर गेली तरी पोहे घेऊन जातील.

पहिल्या दिवशी दुपारी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून मी मनसोक्त डुंबून आलो, तर ओट्यावर आइस्क्रीमचा दोन लिटरचा प्लॅस्टिकचा डबा. आत काठोकाठ फिजोआ. हे हिरवं, पेरूच्या जातीचं फळ. इथे ज्याच्या झाडाला लागतं तो दिसेल त्याला वाटत सुटतो.

"शेजारच्या मार्गरेटबाई देऊन गेल्या," मृणाल झोपाळ्यातून म्हणाली. "नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोघं विश्रांतीला आलेत." आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

मी फिजोआ काढून घेतले, डबा घासला, पुसला. आणि तिथेच माझे ग्रह फिरले. रिकामा डबा परत कसा द्यायचा? तुम्ही दिला असता? कोथरूडला आमच्या आईनं उभ्या जन्मात शेजारचं भांडं रिकामं धाडलं नाही. काही नसेल तर चमचाभर साखर घालायची, पण घालायचीच!

मृणालला तर उठवायचं नाही. मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि आयुष्यातला पहिला शिरा केला. तुपाऐवजी बटर. जरा करपला, पण वेलदोड्यानं झाकला गेला.

"ओह! लव्हली!" डबा बघून मार्गरेटबाई म्हणाल्या. चेहरा थोडा कावराबावरा झाला. मला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पुन्हा आमच्या दारात! आत छोट्या पावासारखे गरम गरम चीज स्कोन.

झाली का पंचाईत? मी कांदेपोहे केले. संध्याकाळी डबा बनाना केक घेऊन आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उपमा दिला, तर दुपारी कॅरट केक हजर!

"अरे, त्या केक देतात आणि तू उपमा?" आई फोनवर कडाडली. "लाज काढशील! लाडू कर."

"आई, मी सुट्टीवर आहे गं."

"मग वेळच वेळ आहे तुला. दाणे भाज."

समुद्र समोर पसरलेला, आणि मी शेंगदाण्यांची सालं पाखडतोय! बाहेरून अधूनमधून मृणाल विचारायची, "मदत करू का रे?"

"अजिबात नाही! तू पड."

"बरं," म्हणायची आणि पान उलटायची.

चौथ्या दिवशी सकाळी लाडवांचा डबा घेऊन शेजारी गेलो. दार उघडंच होतं. बघतो तर काय, मार्गरेटबाई कोपरापर्यंत पिठात. पलीकडे त्यांचा म्हातारा गुडघ्याला पट्टा बांधून सफरचंदं सोलतोय. आणि माझ्या हातातला डबा दिसताच बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"ओ नो! पुन्हा डबा!"

"काय झालं?"

"बाळा, माझ्या घरातलं पीठ संपलं रे. अंडी संपली. तू इतकं काही काही करून देतोस, मग मला गप्प कसं बसवेल? पण तुमच्या पद्धतीत हे किती दिवस चालतं? डबा नक्की कुणाकडे राहिला म्हणजे संपतं?"

"अहो, तुमचा डबा आहे, तुमच्याकडेच ठेवा ना!"

"मला नकोय तो! आइस्क्रीम संपलं की टाकूनच देतो आम्ही. पहिल्या दिवशीच तुझ्या बायकोला सांगितलं होतं मी, परत करू नका म्हणून."

कुणाच्या बायकोला? माझ्या!

लाडू तिथेच ठेवून मी तरातरा परत आलो. मृणालनं तोंडावर पुस्तक धरलं होतं आणि अख्खा झोपाळा गदागदा हलत होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते रे. पण आत डोकावले, तर तू घामाघूम होऊन रवा भाजतोयस, फोनवर आईंना हं हं करतोयस. बारा वर्षांत असं दृश्य बघितलं नव्हतं. म्हटलं, बघू या कुठवर जातं!"

आणि पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरं सांगू? मी चिडायलाच विसरलो. तिला असं हसताना बघून किती महिने झाले होते! इतका आनंद झाला मला, की मीही तिच्या शेजारी बसून खो खो हसलो. इथेच गप्प बसायला हवं होतं. पण नाही! त्या आनंदाच्या भरात मी बोलून गेलो, "तू अशी हसणार असशील, तर मी रोज स्वयंपाक करीन!"

तिनं तत्काळ हसणं थांबवलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "शब्द?"

बसा, बसा, उठू नका. चहा आणखी आहे. आणि साखर कमी झाली असेल तर मृणालकडे बघू नका, मला सांगा.